थाळनेरच्या किल्ल्यात बाईचं पात्र: घ्यावं का, आणि कसं

डेमो दोनदा खेळलो आणि मग लिहायला बसलो. प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चौघं शिरपूरची मुलं १४०० च्या सुमाराचं, खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या सुरुवातीच्या काळातलं थाळनेर गेममध्ये उभं करताय. टीममधला एक जण म्हणतो, खेळता येईल असं बाईचं पात्र घेतलं तर इतिहास खोटा पडेल. दुसरा म्हणतो, तलवारवाली एक नायिका टाकून द्या, म्हणजे कुणी बोलणार नाही. यातलं बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

मला विचाराल तर दोघंही एकाच जागी अडकलेत. बाई म्हटल्याबरोबर दोघांनीही फक्त रणांगणाकडे बघितलं. एकाला ती तिथे दिसली नाही, दुसऱ्याने तिला तिथे नेऊन उभं केलं. बाकीचा किल्ला कुणी बघितलाच नाही.

आधी तुमच्या बाजाराबद्दल बोलतो. डेमोतल्या हाटात मिरच्यांचे ढीग आहेत, मक्याची कणसं आहेत, भुईमुगाच्या शेंगा आहेत. ही तिन्ही पिकं अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ साली आपल्या किनाऱ्यावर उतरले, त्यानंतरच ती इकडे पोचली. १४०० साली खानदेशात वांग्याचं भरीत असेल, पण त्यात हिरवी मिरची नाही आणि शेंगदाणेही नाहीत. तिखटपणा मिऱ्याचा, पिंपळीचा, आल्याचा. इतके दिवस ही मिरची टीममध्ये कुणालाच खटकली नाही, बाईचं पात्र मात्र नुसतं बोलून दाखवलं तेवढ्यात खटकलं. दोष काढायला हे लिहीत नाही, मिरची मलाही दुसऱ्यांदा खेळतानाच दिसली. पण ‘वास्तव’ हा शब्द आपल्याला नेमका कधी आठवतो, ते एकदा चौघांनी बसून बघा.

आणि हा वाद आजचा नाही. इसामी नावाच्या कवीने १३५० मध्ये, इथेच दख्खनेत, पहिल्या बहामनी सुलतानाच्या आश्रयाने एक मोठं फार्सी काव्य पूर्ण केलं. त्यात त्याने रझिया सुलतानवर टीका केली आहे, की बाईने चरख्याशी बसलेलं बरं. रझिया दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० अशी बसली होती आणि शंभर वर्षांनंतरही इसामीला ते सहन होत नव्हतं. गंमत अशी की आपल्या देशातला चरख्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख म्हणून इतिहासकार हीच ओळ दाखवतात. थाळनेरच्या घरात चरखा ठेवायला पुरावा हवा असेल तर तो एका बाईला नावं ठेवणाऱ्या ओळीतच आहे. आणि कापसाच्या मुलखात चरखा दाखवला की त्यामागे वेचणी आली, सरकी काढणं आलं, सूत विकणं आलं. हे सगळं करणारे हात कुणाचे, ते तुमच्या मॉडेलमध्ये दिसायला हवं.

आता घरोटाबद्दल. जात्याला आमच्याकडे घरोट म्हणतात, तुमच्याकडेही कुणी म्हातारं माणूस म्हणत असेल. डेमोत किल्ल्याला वेढा पडतो तेव्हा धान्याचा एक आकडा कोपऱ्यात दिसतो आणि रोज आपोआप कमी होतो. पण शिपाई धान्य खात नाही, भाकर खातो. मधलं काम कुठे गेलं? मागच्या दिवाळीत यावलला आत्याकडे मी मुद्दाम घड्याळ लावून बसलो. घरोट अजून आहे तिच्याकडे, खुंटा नवा बसवलाय. दोन किलो ज्वारी दळायला तिला पाऊण तास लागला. तेही अशा बाईला, जिने लग्नानंतर दहा-बारा वर्षं रोज पहाटे दळलंय. तुमच्या किल्ल्यात ५०० शिपाई आहेत. माणशी रोज अर्धा किलो पीठ धरलं तरी २५० किलो होतं, म्हणजे जवळपास ९४ तासांचं दळण. रोज चार-चार तास दळणाऱ्या २४ बायका लागतील, आणि त्याही फक्त शिपायांच्या भाकरीपुरत्या. बरं, महिन्याभराचं पीठ आधीच दळून ठेवावं तर ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकर थापता थापता तुटते. म्हणजे वेढा तीन महिने चालला तर तीन महिने रोज पहाटे हे चाललं पाहिजे. त्या २४ जणींपैकी दहा तापाने पडल्या तर कोठार भरलेलं असूनही किल्ला उपाशी राहील. याच्याइतकं चांगलं गेम मेकॅनिक, म्हणजे खेळ चालवणारा नियम, मला तरी सुचत नाही, आणि यात इतिहासाला कुठेही धक्का लागत नाही.

दुसऱ्यांनी काय केलं तेही बघा. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या १९९७ च्या पहिल्या गेममध्ये गावकरी म्हणजे फक्त पुरुष होते. १९९९ च्या दुसऱ्या भागात बायका आल्या, शेती आणि खाणकाम करू लागल्या, आणि हल्ला झाला की घंटा वाजवून त्यांना गावाच्या मुख्य इमारतीत घेतलं की तिथून बाण सुटायला लागतात. कुणाचा खेळ त्यामुळे बिघडला नाही. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ मध्ये वारसाहक्काचे पुरुषांकडे झुकलेले कायदे तसेच ठेवले आहेत आणि त्या कायद्यांतूनच खेळ घडतो.

पण तुमच्या सगळ्यांत कामाचं उदाहरण ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’चं. तो २०१८ चा गेम १४०३ सालच्या बोहेमियात (आजच्या चेक देशात) घडतो, म्हणजे जवळजवळ तुमचाच काळ. मूळ गेममध्ये आपण लोहाराचा मुलगा असतो. २०१९ मध्ये त्यांनी एक जादा भाग काढला, त्यात गावावर हल्ला होतो तो दिवस गिरणीवाल्याच्या मुलीच्या बाजूने खेळता येतो. तिला त्यांनी कुणी सरदारीण केलेली नाही, ती गिरणीवाल्याची मुलगीच राहते. तोच दिवस, तेच गाव, पण तिच्या वाट्याला येणारी भीती वेगळी आणि निवडही वेगळी. मी मूळ गेम दोनदा पूर्ण केला होता, तरी ते गाव मला या भागानंतर जास्त कळलं.

आता तुमच्या हातात असलेली आणि तुम्ही वाया घालवलेली गोष्ट सांगतो. आसा अहिराकडून नासीर खान फारुकीने अशीरगड कसा घेतला, त्याची कथा फिरिश्ता या फार्सी इतिहासकाराने दिली आहे. माझ्या राज्याला धोका आहे, माझ्या घरच्या बायकांना तुमच्या गडावर आसरा द्या, असा निरोप त्याने आसाला धाडला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका आल्या आणि आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचं स्वागत केलं. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांत हत्यारबंद माणसं होती. गड पडला. तुमच्या डेमोत हा सगळा प्रसंग एका कटसीनमध्ये, म्हणजे न खेळता नुसत्या बघायच्या दृश्यात, उरकलाय आणि त्यात एकही बाई बोलत नाही.

पण सगळा डाव उभा आहे तो एका रिवाजावर, की बाईच्या डोलीचा पडदा पहारेकरी उचलत नाही. आता पहिल्या दिवशी डोलीतून उतरलेली बाई घ्या. तिला पुढचं माहीत आहे का? आसाची बायको तिला पाणी देते, पोराबाळांची विचारपूस करते, आणि हिला उद्या काय होणार ते ठाऊक आहे. किंवा ठाऊक नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिलाही आसाच्या घरातल्यांइतकाच धक्का बसतो. ती गडाच्या आतल्या अंगणात जाऊ शकते, जिथे तुमचा नायक पाऊलही टाकू शकत नाही. तो बुरुजावर जाऊ शकतो, तिथे तिला मज्जाव. एकाच गडाचे दोन नकाशे करा: तिला बंद असलेली दारं आणि त्याला बंद असलेली दारं. बंधनं पुसून टाकू नका, त्यांनाच खेळात आणा.

म्हणूनच सैन्यात निम्म्या बायका दाखवा, असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर त्या काळात बाईला काय सोसावं लागलं तेही पुसलं जातं. डेमोत वीरगळाजवळ गेलं की गेम सेव्ह होतो, ही कल्पना मला फार आवडली. त्याच्या शेजारी एक सतीशिळा ठेवा: कोपरात वाकलेला हात, मनगटात बांगड्या, वर चंद्र-सूर्य. असे दगड बऱ्याच गावांच्या शिवेला शेंदूर लावून उभे असतात आणि बहुतेकांवर नाव कोरलेलं नसतं. त्या शिळेला कसलीही शक्ती देऊ नका. प्लेअर तिच्यासमोर थांबला तर थांबू दे.

लढणारी किंवा राज्य चालवणारी बाई अगदीच हवी असेल तर दोनशे वर्षं पुढे जा. १५९५-९६ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेने अहमदनगरला वेढा घातला तेव्हा खानदेशचा राजा अली खान मुघलांच्या बाजूने उभा होता आणि आत चांदबीबी होती. सुरुंगाने तट फुटला, तो तिने स्वतः उभं राहून रातोरात बांधून घेतला. तो वेगळा गेम होईल, आणि तो खानदेशी शिपायाच्या नजरेतून, तटाबाहेरून, करायला हवा. आणि ज्यांच्या शब्दाला वजन होतं अशा बायका हव्या असतील तर मुक्ताईनगर तुमच्यापासून दूर नाही. वयाने आणि ख्यातीने थोर असलेल्या चांगदेवांनी मुक्ताबाईला गुरू मानलं, ही परंपरा तापीकाठचीच आहे, तुमच्या गेमच्या शंभरेक वर्षं आधीची. थाळनेरच्या घाटावर बसलेली एखादी म्हातारी तिचं नाव घेईल, तेवढं पुरे.

पुढच्या डेमोत एवढंच बदला: मिरचीच्या जागी मिरे, धान्याच्या आकड्याशेजारी पिठाचा आकडा, आणि डोलीतल्या बाईला दहा मिनिटांचा का होईना, स्वतःचा भाग. आत्याच्या घरोटाची पाऊण तासाची घरघर मोबाइलवर रेकॉर्ड केलेली आहे. मध्ये दोन ओव्याही म्हटल्यात तिने. गेममध्ये वापरायला तिची हरकत नाही, विचारून ठेवलंय. पहाटेच्या लेव्हलला हवी असेल तर सांगा, पाठवतो.