कोपराखालच्या जखमेचे टाके निघून पंधरा दिवस झाले. व्रण काळा पडू नये म्हणून उन्हापासून किती काळ जपावे?

खपली आपोआप पडून जखम पूर्ण भरल्यावर किमान एक वर्ष तरी व्रण उन्हापासून जपावा, कारण जखम वरून भरलेली दिसली तरी आत कोलॅजनची (त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची) घडण 12 ते 18 महिने चालू राहू शकते आणि त्या काळात अतिनील किरणांमुळे, विशेषतः गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर, पडलेला काळसर डाग लवकर जात नाही. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा शर्ट हा सर्वांत खात्रीचा उपाय. मात्र दुचाकीच्या हँडलवर हात ठेवला की बाही वर सरकते आणि नेमका हाच भाग उघडा पडतो. झाकणे शक्य नसेल तेव्हा एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या 15 मिनिटे आधी आणि नंतर दर दोन तासांनी लावावे. व्रण सपाट राहण्यासाठी सिलिकॉन जेल किंवा पट्टी दोन-तीन महिने नियमित वापरता येते. व्हिटॅमिन ई तेलाची ख्याती मोठी, पुरावा मात्र तोकडा. यांपैकी काहीही ओल्या जखमेवर लावू नये, आणि व्रण खाजत, फुगत मूळ जखमेच्या कडेबाहेर पसरू लागल्यास तो कीलॉइड असू शकतो. तो त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावा.