‘युकार’ला पोवाडा म्हणावं का?

एका मैत्रिणीकडे आइनू संगीतावरच्या माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करायचं काम आलंय. तिचे प्रश्न असे: ‘ऐनू’ लिहावं की ‘आइनू’? आणि संहितेत युकार, उपोपो, यायसामा हे शब्द सारखे येतात, तर युकारला पोवाडा आणि बाकी सगळ्याला लोकगीत म्हणून मोकळं व्हावं का?

उच्चाराचं लवकर उरकतं. आइनू म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचे, आणि पूर्वी साखालिन व कुरील बेटांवरही राहणारे, मूळ रहिवासी. ‘आइनू’चा त्यांच्या भाषेतला अर्थ ‘माणूस’. सुरुवातीचा स्वर स्वच्छ ‘आ’ आहे आणि मराठी ‘ऐ’ आपण ‘अइ’ असा उच्चारतो, म्हणून ‘आइनू’ बरं. शेवटचा उकार मुळात ऱ्हस्व आहे, पण अंत्य उकार दीर्घ लिहायची आपली रीत इथेही चालू द्यावी. ‘युकर’ नको, ‘युकार’च. त्यातला शेवटचा ‘र’ हलन्त आहे. जपानी कानालिपीत ‘न’ सोडला तर सुट्टं अंत्य व्यंजन लिहायची सोय नाही, म्हणून आइनूसाठी मुद्दाम आकाराने लहान अक्षरं वापरतात. आपल्याला तो त्रास नाही. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण तसाही गिळतो.

आता पोवाडा. वरवर पाहिलं तर जमतं. युकार म्हणजे वीरकथा, सादर करणारा एकटा, हातातल्या छोट्या काठीने चुलीच्या कडेवर ठेका धरणारा. ऐकणारेही आपापल्या काठ्यांनी ठेका धरतात आणि मधूनमधून ‘हेत! हेत!’ असा पुकारा करतात. झीलकऱ्यांच्या ‘जी जी रं जी’ची आठवण व्हावी इतकं हे जवळचं आहे. पण शाहीर नायकाची गोष्ट सांगतो. युकारमध्ये नायक स्वतःच बोलतो. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं प्रथमपुरुषी.

आणि या प्रथमपुरुषातच खरी मौज आहे. ती हिंदी किंवा इंग्रजीतून समजावणं कठीण, मराठीतून मात्र सोपं. आइनू भाषेत आपल्यासारखाच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे: ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, धरून ‘आपण’. रोजच्या बोलण्यातला ‘मी’ त्याहून वेगळा. वीरकथेचा नायक स्वतःबद्दल बोलताना हा रोजचा ‘मी’ वापरत नाही. तो ‘आपण’चं रूप घेतो. आपल्याकडे नाक्यावरचा गडी ‘आपण नाय घाबरत कुणाला’ म्हणतो, त्यात ‘आपण’ एकटाच असतो ना, तसंच.

‘कामुय-युकार’ हा दुसरा प्रकार. कामुय म्हणजे देव, पण त्यात अस्वल, घुबड, कोल्हा, बेडूक असे सगळे आले. तिथे बोलणारा देव स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. चिरी युकिए या आइनू मुलीने आजीकडून ऐकलेल्या 13 कामुय-युकारांचा जपानी अनुवादासह संग्रह तयार केला आणि 1922 साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती वारली. पुस्तक 1923 मध्ये निघालं. त्यातलं पहिलंच गाणं घुबडदेवाचं. देव एकटाच नदीकाठाने खाली येतोय, पण क्रियापद आहे ‘साप-आस’. ‘सान’ म्हणजे एकाने उतरणं, ‘साप’ म्हणजे अनेकांनी उतरणं. म्हणजे शब्दशः ‘आम्ही उतरलो’.

याच गाण्याचं पालुपद ‘सिरोकानिपे रानरान पिस्कान’, ‘रुपेरी थेंब गळती गळती चोहीकडे’. ‘रान’ म्हणजे खाली येणं, ‘रानरान’ हा आपल्या व्याकरणाच्या भाषेत अभ्यस्त शब्द. ‘पे’ म्हणजे थेंब. ‘सिरोकानि’ मात्र जपानीतून उसना घेतलेला, चांदी या अर्थाचा. या पालुपदाला आइनूत ‘साकेहे’ म्हणतात, प्रत्येक कामुय-युकारचं ते ठरलेलं असतं आणि ओळींमधून पुन्हा पुन्हा येतं. तेव्हा उपशीर्षकांत ‘युकार’ तसाच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे ‘वीरगाथा’ जोडावं आणि निवेदन कुठल्याही परिस्थितीत ‘मी’ किंवा ‘आम्ही’मध्येच ठेवावं. ‘नायक म्हणाला’ केलंत की गेलं सगळं. कामुय-युकारला ‘देवगाणं’ चालेल.

‘उपोपो’ला लोकगीत म्हणणं माझ्या मते निव्वळ आळस. उपोपो हे बसून, घोळक्यात गायचं गाणं. रोगण चढवलेल्या मोठ्या पिंपाचं झाकण मध्ये ठेवून बायका भोवती बसतात आणि झाकणावर हाताने ताल देतात. गाण्याची ओळ असते एवढीशी. पहिलीने सुरू केली की दुसरी थोडं मागून तीच ओळ धरते, मग तिसरी. ओळी एकमेकींवर चढत जातात आणि कोण कुठे आहे तेच कळेनासं होतं. या पद्धतीला ‘उकोउक’ म्हणतात. त्यातला ‘उ’ हा ‘एकमेकांशी’ असा अर्थ देणारा उपसर्ग, ‘उक’ म्हणजे घेणं. होक्काइदोवरच्या शिराओइ इथे जुलै 2020 मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय आइनू संग्रहालय-उद्यानाला ‘उपोपोय’ हे नाव दिलंय, त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून गाणं.

‘यायसामा’ उपोपोच्या उलट. ‘याय’ म्हणजे स्वतः. एकटीने, सुचेल तसं, मनातलं गायचं. विरह, माहेर, जे असेल ते. इथे जात्यावरच्या ओवीची आठवण काढायला हरकत नाही, पण ओवी शब्द ठेवला तर वाचणारा छंद शोधू लागेल. ‘इहुम्के’ला मात्र बिनधास्त ‘अंगाई’ म्हणा. जीभ थरथरवून काढलेला ‘र्र्र’ हा त्यातला खास आवाज.

वाद्यांत फार अडायचं कारण नाही. ‘मुक्कुरी’ म्हणजे बांबूचं मोरचंग. फरक इतकाच की वाद्याच्या जिभेला बोटाने न छेडता टोकाला बांधलेली दोरी झटक्याने ओढतात. ‘तोन्कोरी’ साखालिनचं, साधारण पाच तारांचं, उभं धरून दोन्ही हातांनी छेडायचं. त्याच्या भागांना डोकं, मान, नाभी अशी माणसाच्या अंगाची नावं आहेत आणि पोकळीत एक खडा किंवा मणी टाकलेला असतो, तो त्याचा आत्मा. तारा दाबून सूर बदलायची पद्धत नाही, त्यामुळे जितक्या तारा तितकेच सूर आणि तीच वळणं पुन्हा पुन्हा. ओकी या वादकाने हे वाद्य डब-रेगे या जमैकन संगीतप्रकाराच्या जड बेसवर आणलं, ते इतकं चपखल बसलं त्यामागे हे एक कारण असावं.

माहितीपटात ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द येणारच. 1899च्या कायद्याने आइनूंना शेती आणि जपानी शाळेकडे वळवलं, तो रद्द झाला 1997 साली. या काळात भाषा घराघरांतून नाहीशी झाली. गाणी काही आज्यांकडे राहिली. ओकीने आंदो उमेको या ज्येष्ठ गायिकेबरोबर केलेल्या अल्बमचं नाव ‘इहुन्के’, म्हणजे तीच अंगाई, उच्चार थोडा वेगळा. ‘मारेउरेउ’, म्हणजे फुलपाखरू, हा बायकांचा गट उपोपो उकोउक पद्धतीनेच गातो. आइनू नृत्य 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. तेव्हा ‘पुनरुज्जीवन’ लिहा, ‘मृत परंपरा जिवंत झाली’ असलं काही नको.

राहिलं लिंग, कारण क्रियापद लिहिताना तिथेच अडाल. आइनूत व्याकरणिक लिंग नाही, निर्णय आपलाच. मी ‘तो युकार’, ‘ते उपोपो’ लिहीन. मुक्कुरी आणि तोन्कोरी ईकारान्त आहेत, त्यांना ‘वाजवली’ म्हणा, कानाला खटकत नाही. यायसामासाठी ‘ते’ की ‘ती’ यावर वाद होऊ शकेल. मी ‘ते’च्या बाजूने, गाणं मनात धरून.