जळगाव-भुसावळकडील जुन्या अलायन्स मंडळीला (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनच्या चर्चला), तिचा कारभार वडील (एल्डर) पाहतात म्हणून, प्रेस्बिटेरियन पंथाची म्हणता येईल का?

नाही, केवळ तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. प्रेस्बिटेरियन पद्धतीत निवडलेले वडील असतातच. परंतु तिची खरी खूण ही की स्थानिक मंडळी एकटी नसते, तिच्यावर अनेक मंडळ्यांच्या पाळकांची (पास्टरांची) व वडिलांची मिळून बनलेली प्रेस्बिटरी असते आणि प्रेस्बिटरीवर सिनड ही आणखी मोठी सभा. अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचे महाराष्ट्रातील काम मुख्यतः कोल्हापूर, सांगली, मिरज या भागात झाले. पूर्व खानदेशात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आणि पश्चिमेला, नंदुरबारकडे, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन अशी वाटणी होती. नावातील सारखेपणामुळे या दोन्ही अलायन्स एकच समजल्या जातात, तशा त्या नाहीत. आपला गोंधळ मात्र अगदीच निराधार नाही, कारण पहिल्या अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे स्वतः प्रेस्बिटेरियन पाळक होते; १८८१ मध्ये त्यांनी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतला, त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील आपली मंडळी सोडली आणि पुढे १८८७ मध्ये अलायन्सचा पाया घातला. अलायन्समध्ये बाप्तिस्मा सामान्यतः तान्ह्या मुलांना नव्हे, तर समजत्या वयात विश्वास धरल्यावर देतात. म्हणून जुनी बाप्तिस्म्याची नोंदवही उघडून पाहावी: तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी नियमाने असतील, तर मूळ परंपरा अलायन्सची असण्याचा संभव कमी. अर्थात बालबाप्तिस्मा अँग्लिकन आणि मेथडिस्टही देतात, तेव्हा त्या नोंदी सापडल्या तरी लगेच प्रेस्बिटेरियन असा निष्कर्ष काढू नये. मालमत्तेची कागदपत्रे कोणत्या संस्थेच्या नावे आहेत, हेही पाहावे.