हँडल उंच केलं, ब्रेकची केबल निसटली आणि विमा कंपनीने क्लेम नाकारला

प्रश्न : मी विक्रोळीला राहतो. माझ्याकडे 2012 ची बुलेट आहे, पुढेही ड्रम ब्रेकच आहे. खांद्याच्या दुखण्यामुळे वाकून चालवणं जमेना, म्हणून मूळच्यापेक्षा चार इंच उंच हँडल आणलं. जुन्या केबल पुरेनात. कुर्ल्यातल्या एका गॅरेजवाल्याने क्लच, ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकच्या केबल लांब करून बसवून दिल्या. दोन महिन्यांनी जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) गांधीनगर सिग्नलपाशी ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला टेकली. मागचा ब्रेक लावेपर्यंत पुढच्या रिक्षावर आदळलो. माझं मनगट मोडलं, बाकी कुणाला लागलं नाही. रिक्षावाले अठरा हजार मागत आहेत. ट्रॅफिक हवालदारांनी कलम 182अ(4) खाली चलान केलं. विमा कंपनी म्हणते, ‘गाडीत अनधिकृत बदल, क्लेम नामंजूर.’ गॅरेजवाला म्हणतो, ‘हँडल तुम्हीच आणलंत.’ केबलचा फोटो सोबत पाठवतोय. पक्कं बिल नाही. खांद्याच्या दुखण्यामुळे दिव्यांगांसाठीच्या सवलतीत बसता येईल का? चलान भरून टाकू का? रिक्षावाल्यांना पैसे देऊ का? की सगळं सोडून देऊ?

उत्तर : सोडून तर मुळीच देऊ नका. पण पुढचं वाचण्याआधी ती निसटलेली केबल सांभाळा. गाडीवर जशी आहे तशी तिचे जवळून फोटो काढा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने ती पाहिली नसेल तर ‘येऊन पाहा’ असा ईमेल करा. मगच उतरवा आणि निपलसकट, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या गुंडीसकट, पिशवीत घालून, तारीख टाकून ठेवा. पुसू नका, तेल लावू नका. आणि ‘बघू दे जरा’ म्हणून गॅरेजवाल्याच्या हातात तर अजिबात देऊ नका. तुमच्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. तुम्ही हँडलबद्दलच अपराधी वाटून घेताय आणि समोरचे तिघेही त्याचाच फायदा उचलताहेत. अपघात हँडलच्या उंचीमुळे झालेला नाही, ब्रेकच्या केबलचं टोक नीट न बांधल्यामुळे झालाय. पुढची प्रत्येक पायरी या फरकावर उभी आहे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत निपल लिव्हरच्या खोबणीत तसंच बसलेलं आहे आणि तार त्यातून अख्खी बाहेर आली आहे. तारेचे तंतू सरळ आहेत, एकमेकांना चिकटलेले आहेत, टोकाला डाखाचा (सोल्डरचा) पातळ पापुद्रा दिसतो. केबल जुनी होऊन तुटली असती किंवा वळणावर घासून तुटली असती तर तंतू एकेक करून गेले असते आणि टोकाला विस्कटलेला झुपका दिसला असता. तुमच्या केबलला ती खूणच नाही. निपल बसवायची रीत अशी की तार निपलमधून ओवायची, टोकाचे तंतू फुलासारखे उलगडायचे, ते निपलच्या खोलगट तोंडात बसवायचे आणि मग डाख आत भरायचा. त्यामुळे तार खेचली तरी उलगडलेला भाग अडकून राहतो. इथे तंतू उलगडलेलेच नाहीत, सरळ तारेभोवती डाख ओतलाय. क्लचला अशी केबल निसटली तर गाडी रस्त्यात बंद पडते, ब्रेकला निसटली तर माणूस जातो. हे काम करणाऱ्याला एवढं ठाऊक असायलाच हवं. हेच निरीक्षण एखाद्या मेकॅनिकल इंजिनिअरकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. माझ्या शब्दापेक्षा त्या कागदाला ग्राहक आयोगासमोर वजन आहे.

आता चलान. कलम 182अ(4) हे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलं. मालकाने कायद्याने मान्य नसलेल्या रीतीने गाडीत बदल केला, त्यात नवे भाग बसवणंही आलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मात्र ‘कायद्याने मान्य नसलेल्या रीतीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काय मान्य नाही, ते कलम 52 सांगतं : नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल करायचा नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं, असं म्हटलंय. तुमची आरसी समोर ठेवा. इंजिन आणि चासी क्रमांक, सीसी, इंधन, रंग, व्हीलबेस, आसनसंख्या, वजन. हँडलची उंची त्यात कुठे आहे? नाही. हा मुद्दा न्यायालयापुढे मांडण्यासारखा आहे आणि मी तो मांडेन.

तरी खोटी आशा दाखवत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात कलम 52 चा अर्थ कडक लावला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर जाणारे बदल चालणार नाहीत असं म्हटलं. सरकारी पक्ष तो निकाल पुढे करणारच. शिवाय ब्रेकच निकामी झाल्याने असुरक्षित वाहन चालवल्याचं कलम 190 वेगळं लागू शकतं, आणि तिथे आरसीचा मुद्दा उपयोगी पडत नाही.

तरीही माझा सल्ला असा की चलान आत्ता घाईने भरू नका. रक्कम भरली की गुन्हा आपसात मिटतो, ती शिक्षा धरली जात नाही, हे खरं. पण ती पावती विमा कंपनी आपल्या फाइलला लावेल आणि ‘बदल बेकायदा होता हे यांनीच मान्य केलं’ म्हणेल. चलान मान्य नसल्याचं मुदतीत नोंदवा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर म्हणणं मांडा. दरम्यान मूळ हँडल आणि कंपनीच्या मापाच्या केबल परत बसवा. त्याने कबुली दिल्यासारखं होत नाही, उलट तुम्ही जबाबदारीने वागलात हे दिसतं. उंच हँडल मात्र भंगारात देऊ नका, तेही जपून ठेवा.

तुम्ही विचारलंय की खांद्याच्या दुखण्यामुळे दिव्यांगांसाठीच्या सवलतीत बसता येईल का. दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात फेरफार करण्याची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी तसं अपंगत्व आणि परवानगीची रीतसर प्रक्रिया लागते. तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते जमणार नाही. तो मुद्दा ताणू नका, बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचंही वजन त्याने कमी होईल.

विमा कंपनीचं प्रकरण सर्वांत नाजूक आहे. इथे एक चूक होण्याचा धोका आहे. गॅरेजवाल्याला ‘तुझ्या केबलमुळे अपघात झाला’ असं लिहायचं आणि विमा कंपनीला ‘केबलचा अपघाताशी संबंध नाही’ असं सांगायचं, हे चालणार नाही. दोन्ही कागद एक दिवस एकाच टेबलावर येतात. दोन्हीकडे एकच म्हणणं ठेवा : ब्रेकची केबल हा झिजणारा, वेळोवेळी बदलला जाणारा भाग आहे, मी तो व्यावसायिक गॅरेजमधून पैसे मोजून करून घेतला, कामातला दोष निपलच्या आत होता, तो मला बाहेरून दिसणं शक्य नव्हतं. पॉलिसीतली अट वाहन चांगल्या स्थितीत राखण्यासाठी ‘वाजवी काळजी’ घेण्याची आहे. ती तुम्ही घेतली. कंपनीला हवं असेल तर तुमचा क्लेम देऊन नंतर तिने गॅरेजवाल्याकडून वसुली करावी, तो हक्क तिला आहेच. यांत्रिक बिघाडाचं कलम दाखवून ती केबलचे पैसे नाकारेल, ते नाकारू दे. धडकेने झालेलं चिमटा (पुढचा फोर्क), टाकी आणि हेडलाइटचं नुकसान ही वेगळी बाब आहे.

नकार फोनवर आला असेल तर तो नकार म्हणून धरू नका. पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली क्लेम नाकारला ते लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथे महिनाभरात उत्तर नाही मिळालं किंवा पुन्हा नकार आला तर ठाण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तक्रार एका वर्षाच्या आत करायची, वकील लागत नाही, फी नाही. अटभंग झाला असं धरलं तरी अख्खा क्लेम शून्य करता येत नाही, मान्य रकमेच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अमलेंदु साहू प्रकरणात मान्य केलंय. माझ्या मते तुमच्याबाबतीत तो तळ समजा. तिथूनच तडजोडीला सुरुवात करू नका.

रिक्षावाल्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि सोपाही. त्यांची काही चूक नाही, त्यांची रोजची कमाई बुडते आहे, ते चिडले आहेत ते रास्त आहे. पण अठरा हजार परस्पर देऊ नका आणि ‘देतो’ असं लिहूनही देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली किंवा आश्वासन द्यायचं नाही, ही पॉलिसीची अट आहे. तृतीय पक्षाचा दावा नाकारण्यासाठी कंपनीला मोजकीच कारणं कायद्याने दिली आहेत. लायसन्स, दारू, शर्यत, हप्ता न भरणं अशी ती कारणं आहेत. उंच हँडल त्यात नाही. दुचाकीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची सोय साधारण एक लाखापर्यंत असते. त्यांना पॉलिसीची प्रत द्या, गॅरेजचं बिल आणि फोटो मागून घ्या, आणि ते सगळं कंपनीला पाठवा. हे त्यांना नीट समजावून सांगा. माणसं बहुतेक वेळा समजून घेतात.

आता गॅरेजवाला. ‘हँडल तुम्हीच आणलंत’ या उत्तराने तो सुटत नाही. केबल बनवून द्यायचं काम त्याने घेतलं, पैसे घेतले. केबल बाहेरून करून आणली असली तरी तुमच्यापुढे जबाबदार तोच. ज्याने केबल बनवली त्याचं नाव कळलं तर त्यालाही पक्षकार करा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सदोष सेवेची आणि सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची, म्हणजे प्लास्टर, औषधं, बुडालेला पगार यांची, भरपाई मागता येते. तुम्ही विक्रोळीला राहता, त्यामुळे तक्रार वांद्र्याच्या मुंबई उपनगर जिल्हा आयोगाकडे. मुदत दोन वर्षांची. कामाची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फी नाही. तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून तर केबल जपायची.

पक्कं बिल नाही म्हणून खचू नका. बिल न देणं हीच या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्याकडे यूपीआयचा व्यवहार आहे आणि ‘केबल तयार झाली, या’ हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज आहे. नुसता स्क्रीनशॉट पुरणार नाही, त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका. आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. बरेचसे गॅरेजवाले त्या टप्प्यावरच बोलायला तयार होतात, आणि तडजोड होत असेल तर मी नको म्हणणार नाही. मात्र ती लेखी हवी.

2012 च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2027 मध्ये संपते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो आणि वडाळ्याच्या आरटीओत गाडी तपासणीला न्यावी लागते. त्या दिवशी मूळ हँडलच लावलेलं असू द्या. खांदा तोवरही दुखत असेल तर उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडे तुमच्या मॉडेलसाठी उंच हँडल आहे का ते विचारा आणि बिलावर भागाचा क्रमांक लिहून घ्या. केबल करून घ्यायचीच झाली तर जुन्या तारेला जोड देऊन नको, अखंड नवीच घ्या. माप गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, पुढचं चाक अधांतरी ठेवून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून घ्यायला सांगा. इनर (आतली तार) जेवढी लांब कराल तेवढीच आउटर (बाहेरची नळी) वाढली पाहिजे. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवा. रेस आपोआप वाढली किंवा ब्रेक आवळला गेला तर केबल आखूड आहे, गाडी तिथून बाहेर काढू नका. बिलावर ‘पुढच्या ब्रेकची नवी केबल’ असे शब्द आणि लांबी लिहून घ्या. ब्रेकच्या केबलबाबत ‘चालेल हो’ हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.