ऑनलाइन संग्रहालय: आधी एकच वस्तू

ताई, संग्रहालयं ऑनलाइन बघायची म्हणता, तर नेरूळला बसून पहिल्याच दिवशी पॅरिसचं अख्खं लूव्र संग्रहालय फिरायची घाई नको. ३६० अंशांच्या सफरीने डोकं भणभणतं, हाती काही लागत नाही. नवखे इथेच कंटाळतात.

आठवड्याला एकच वस्तू घ्या. उदाहरणार्थ, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातली मोहेंजोदडोची नर्तकी, ही ब्राँझची मूर्ती. फोटो मोठा करून पाच मिनिटं नुसता बघा: डाव्या हातात थेट खांद्यापर्यंत बांगड्या, उजव्यात मोजून चार. संग्रहालयाने दिलेली नोंद त्यानंतर वाचा. आधी वाचलीत तर त्यात लिहिलंय तेवढंच दिसतं.

मग वहीत उतरवा:
- काळ आणि माध्यम, म्हणजे वस्तू कशाची बनलीय
- मापं. ही हमखास राहतात. नर्तकीची उंची जेमतेम १०.५ सेंटिमीटर, पण पडद्यावर पुरुषभर वाटते!
- नोंदणी क्रमांक, म्हणजे वस्तू पुन्हा सापडते

आपल्या भागातलं शोधताना जुनी स्पेलिंगंही टाकून बघा. इंग्रजांच्या कागदांत ठाणे 'Thana' किंवा 'Tanna' असतं.

मुलांच्या प्रकल्पात फोटो वापरणार असाल तर परवाना तपासा. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींचे फोटो खुले केलेत, पण सगळीकडे तसं नाही.

विज्ञान मात्र पडद्यावर अर्धंच कळतं. त्यासाठी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र गाठा.