जाहिरातीची वाट पाहावी की पत्रे लिहावीत?

प्रश्न : रसायनशास्त्रातील माझा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाकडे सादर झाला असून मौखिक परीक्षेची तारीख अद्याप मिळालेली नाही. पुढे जर्मनीत पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे ठरावीक मुदतीचे संशोधन) करण्याची इच्छा आहे. गेल्या तीन महिन्यांत ऐंशी प्राध्यापकांना ई-मेल पाठवले. उत्तरे चारच आली आणि तीही नकाराची. आता फक्त जाहिरातींची वाट पाहावी का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ऐंशी जणांना मजकूर एकच गेला असावा, असा माझा अंदाज आहे. ‘आपल्या नामांकित संशोधनगटात काम करण्याची संधी मिळावी’ ही ओळ कोणालाही पाठवता येते, आणि वाचणाऱ्यालाही ते लगेच कळते. त्याऐवजी एकाच प्राध्यापकांचे अलीकडचे तीन-चार शोधनिबंध नीट वाचा आणि तुमचे काम त्यांना नेमके कुठे जोडता येईल, ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. उदाहरणार्थ, त्यांचा गट दोन कार्बन अणू जोडणाऱ्या सुझुकी अभिक्रियेसाठी पॅलेडियम हा महागडा धातू उत्प्रेरक म्हणून वापरत असेल आणि तुम्ही तीच अभिक्रिया स्वस्त निकेलवर करून पाहिली असेल, तर उत्पादन कुठे घटले, ते तुम्ही कसे सावरले आणि त्यांच्या रेणूंवर हा प्रयोग का करून पाहावासा वाटतो, एवढे सांगितले तरी पुरे. लांबलचक बायोडेटा सोबत जोडावा. पत्रात उतरवू नये.

दुसरी बाब पैशांची. जाहिरात निघते ती बहुधा मंजूर प्रकल्पाच्या निधीतील पगारी जागेची, आणि ती विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर तसेच युरॅक्सेस या संशोधकांसाठीच्या युरोपीय संकेतस्थळावर पाहायला मिळते. ती अवश्य पाहत राहा. मात्र ज्यांच्याकडे असा निधी शिल्लक नाही, तेही तुम्ही स्वतःची फेलोशिप आणणार असाल तर यजमान होण्यास तयार होऊ शकतात. म्हणून जर्मनीतील हुम्बोल्ट प्रतिष्ठानच्या फेलोशिपसाठी अर्ज करण्याचा विचार असल्याचे पत्रातच स्पष्ट लिहा. पीएच.डी.नंतर चार वर्षांपर्यंतच्या संशोधकांना ती मिळू शकते, कालावधी 6 ते 24 महिन्यांचा असतो आणि अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो. पण यजमानाची संमती आधी लागते.

युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपची मुदत बहुतेक वर्षी सप्टेंबरमध्ये संपते. तिथे एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही : मुदतीच्या आधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे. म्हणजे एखाद्या जाहिरातीवरून जर्मनीत जाऊन दीड वर्ष राहिलात, तर त्याच देशासाठीचा हा मार्ग लगेच खुला राहत नाही. शिवाय मुदतीपर्यंत पीएच.डी. हाती असावी लागते किंवा निदान मौखिक परीक्षा यशस्वीपणे पार पडलेली असावी लागते, आणि आपल्याकडे ही परीक्षाच रेंगाळू शकते. तेव्हा विद्यापीठातील संबंधित विभागाकडे पाठपुरावा आतापासूनच सुरू ठेवा.

शिफारसपत्रे निदान दोघांची तयार ठेवा, आणि दोघेही तुमच्याच विभागातील नसतील तर उत्तम. प्रयोगशाळेतील तुमचे काम पाहिलेल्या सहलेखकाचे पत्र केवळ पदाने मोठ्या असलेल्या व्यक्तीच्या पत्रापेक्षा उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

देशातील पर्यायही हाताशी असू द्या. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची असते. सर्वसाधारण वयोमर्यादा 35 आहे, महिला व राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) येथील एखाद्या शास्त्रज्ञाची संमती तिच्यासाठी आधी मिळवावी लागेल.

या महिन्यात पाचच पत्रे लिहा. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा नम्र स्मरणपत्र पाठवावे, तिसरे पत्र मात्र पाठवू नये.