पोर्ट वाईनवाल्यांच्या ग्रुपमध्ये पहिल्यांदाच चाललोय, आपल्याला काही कळत नसताना जावं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी इंग्लंडला येऊन वर्ष झालं, मधे पोर्तुगालमधल्या पोर्तोला फिरायला गेला होतात तिथे पोर्टची गोडी लागली, आता तुमच्या गावात महिन्यातून एकदा पोर्टवाल्यांचा एक ग्रुप जमतो आणि त्यांनी येत्या शनिवारी या म्हणून बोलावलंय, पण सगळे साठीच्या पुढचे इंग्रज, आपल्याला त्यातलं कळत काही नाही, तर जावं का आणि जाताना काय न्यावं. जा. नक्की जा. सहा वर्षांपूर्वी मी पण असाच विचार करत बसले होते, मूळची कोल्हापूरची, ब्रिस्टलला राहते, आणि आज त्या ग्रुपमधली माणसं मला घरच्यासारखी आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, त्यांना तुमची गरज आहे. खरंच आहे. पोर्ट ही एकट्यानं प्यायची वाईनच नाही हो. १९ ते २२ टक्के अल्कोहोल, त्यात गोड, माणसाला एक-दोन छोटे ग्लास झाले की बास होतं. आणि व्हिंटेज पोर्टची, म्हणजे एकाच चांगल्या सालातल्या, बाटलीत मुरवायच्या पोर्टची जुनी बाटली एकदा उघडली की दोन-तीन दिवसांत तिची चव उतरायला लागते, मग पंचवीस वर्षं जपलेली बाटली एकट्या माणसानं उघडायची कधी? आमच्यातल्या एका आजोबांच्या जिन्याखाली अशा कितीतरी बाटल्या आडव्या पडून आहेत, बायको गेली, मुलं लांब, ते म्हणतात तुम्ही येता म्हणून मी उघडतो नाहीतर त्या माझ्या मागेच राहिल्या असत्या. आठ-दहा जण जमले की प्रत्येक बाटलीतली थोडी थोडी सगळ्यांना येते, पाच-सहा वेगवेगळ्या पोर्ट चाखून होतात आणि खर्चही वाटला जातो. त्यामुळे नवीन माणूस आला की त्यांना आनंदच होतो, आपल्याकडे पंगतीला एक पान वाढलं की होतो ना तसा.

दुसरं, हे सगळे इंग्रज, आपण बाहेरचे, हे जे तुम्हाला वाटतंय ना. पोर्तोत नदीच्या पलीकडे गाया नावाच्या गावात गेला असाल, तो लोखंडी दोन मजली पूल ओलांडून, तिथल्या गोदामांवरची नावं आठवा. टेलर, ग्रॅहम, वॉर, सँडमन, ही ब्रिटिश. कोप्के जर्मन, १६३८ पासूनचं. नीपोर्ट डच. फरेरा आणि रामोस पिंतो पोर्तुगीज. जिथे ही द्राक्षं पिकतात त्या डोरो नदीच्या खोऱ्यात डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्या काढल्या त्यात स्पेनच्या गॅलिसियातून आलेले मजूर पण होते. म्हणजे ही वाईन मुळातच कुठून कुठून आलेल्या लोकांनी मिळून उभी केलीय. इंग्रज त्यात शिरले कारण फ्रान्सशी भांडण, फ्रेंच वाईन मिळेना, मिळाली तरी कर जबर, आणि इंग्लंड आणि पोर्तुगालमधल्या १७०३ च्या मेथुएन तहानं पोर्तुगीज वाईनवरचा कर फ्रेंच वाईनपेक्षा कमी राहील असं ठरलं. तेही तिथे पाहुणेच होते. हे मी उगाच धीर द्यायला लिहीत नाहीये, आमच्या टेबलावर हे सगळे स्वतःच सांगतात.

आता माझी पहिली संध्याकाळ सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मी सुपरमार्केटमधून १० वर्षांची टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरलेली पोर्ट, घेऊन गेले होते आणि डब्यात घरी केलेली शेंगदाण्याची चिक्की, रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. तिथे एकानं २० वर्षांची टॉनी ओतली. रंग बघा कसा होता, तांब्याच्या घासलेल्या भांड्यावर संध्याकाळचं ऊन पडतं तसा, कडेला जरा हिरवट पिवळी झाक. सगळे आपापलं बोलत होते, कुणी सुकं अंजीर म्हणतंय, कुणी अक्रोड, कुणी संत्र्याची साल. मला विचारलं तुला काय वाटतंय. मी नाक घातलं आणि मला थेट आमच्या गुऱ्हाळाचा वास आला, कढईतल्या काकवीचा. मी तसं सांगितलं. काकवी म्हणजे काय हे इंग्रजीत सांगायला मला पाच मिनिटं लागली, उसाचा रस, मोठी कढई, गूळ व्हायच्या थोडं आधीचा पाक, वर येणारा फेस, चुलीचा धूर. सगळे गप्प ऐकत होते. त्या जिन्याखालच्या आजोबांनी वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग मला विचारून. पुढच्या भारतवारीत मी कोल्हापूरहून काकवीची बाटली घेऊन आले आणि आम्ही एका चमच्यात काकवी, एका ग्लासात टॉनी असं शेजारी शेजारी ठेवून वास घेतला. आता आमच्या ग्रुपमध्ये जुनी टॉनी आली की इंग्रज माणूस स्वतःहून काकवी म्हणतो, आणि ते ऐकताना मला जे वाटतं ते मी शब्दात नाही सांगू शकत.

तर कळत नाही हे मनातून काढा. ब्लॅकबेरी न खाल्लेल्या माणसानं ब्लॅकबेरीचा वास येतोय म्हणायची काही गरज नाही. तुमच्या जिभेला जांभूळ, करवंद, आमसूल, खजूर, सुंठ, जायफळ ठाऊक आहे, तेच सांगा. कोवळ्या रुबीत, म्हणजे गडद लाल, ताज्या फळाच्या चवीच्या पोर्टमध्ये, मला जांभूळ सापडतं, जिभेला जरा आवळल्यासारखं पण होतं, आणि मी ते जांभूळच म्हणते. जे वाटलं नाही ते वाटलं म्हणू नका एवढंच, या लोकांना ते लगेच कळतं आणि खरं बोललेलं जास्त आवडतं, नाही आवडली पोर्ट तर नाही आवडली.

थोडं बेसिक मात्र माहीत असू द्या. आपल्याकडे पोर्ट म्हटलं की गोव्याहून येताना आणायची ती स्वस्त गोड लाल वाईन, मी पण वीस वर्षं तीच पोर्ट समजत होते. तिच्यावर माझा राग नाही, पण ही वेगळी. खरी पोर्ट फक्त डोरोच्या खोऱ्यातली, तो भाग १७५६ मध्ये, पोर्तुगालचा मंत्री मार्केस द पोम्बालच्या काळात, हद्द आखून ठरवून दिलाय. द्राक्षाचा रस आंबत असताना मधेच, साखर निम्मी शिल्लक असताना, त्यात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची ब्रँडी घालतात, साधारण चार भाग रस आणि एक भाग ब्रँडी, त्यानं यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि गोडवा आत राहतो. त्यामुळे ती गोडी वरून घातलेल्या साखरेची नाही, द्राक्षाचीच आहे. काही ठिकाणी अजून दगडी हौदात माणसं उतरून पायांनी द्राक्षं तुडवतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, कारण पायाखाली बी फुटत नाही आणि कडवटपणा येत नाही.

प्रकार बरेच आहेत पण पहिल्या दिवशी दोन घराणी कळली तरी पुरे. एक लाकडात म्हातारी होणारी, ती टॉनी, पिंपात हवा लागून लागून रंग उतरतो आणि सुकामेव्याचा वास येतो, लेबलवर १०, २०, ३०, ४० वर्षं लिहिलेलं असतं, एकाच सालातली असेल तर तिला कोल्हेइटा म्हणतात आणि ती पिंपात निदान सात वर्षं असते. दुसरी बाटलीत म्हातारी होणारी, ती व्हिंटेज, दोन-तीन वर्षांतच पिंपातून काढून बाटलीत भरतात आणि मग पुढची वीस-तीस-पन्नास वर्षं बाटलीत. ही दरवर्षी नसते, साल खरंच चांगलं असेल तर कंपन्या जाहीर करतात, १९६३, १९७७, १९९४, २०११ ही सालं तुमच्या कानावर सारखी पडतील, आणि २०१६ पाठोपाठ २०१७ अशी लागोपाठ दोन सालं बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जाहीर केली तेव्हा तर आमच्याकडे दोन बैठका त्याच विषयावर गेल्या. या दोघींच्या मधली एलबीव्ही, म्हणजे लेट बॉटल्ड व्हिंटेज, चार ते सहा वर्षं पिंपात ठेवून मग बाटलीत. नवीन माणसानं न्यायला माझ्या मते एलबीव्हीसारखी बाटली नाही, पंधरा-वीस पौंडात येते आणि कुणी नाक मुरडत नाही. एकदा आम्ही बाटल्यांना पायमोजे घालून ब्लाइंड टेस्टिंग, म्हणजे लेबल न बघता चाखणं, केलं तर सुपरमार्केटच्या स्वतःच्या लेबलची एलबीव्ही बऱ्याच जणांनी वर धरली होती. महागडी व्हिंटेज घेऊन जाऊ नका, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल, आणि कोवळी व्हिंटेज उघडली तर हळहळतील.

रीतीभाती म्हणाल तर एकच महत्त्वाची, बाटली नेहमी डावीकडे सरकवायची. आपला ग्लास भरला की डाव्या हाताच्या माणसाकडे, तिनं टेबलाला पूर्ण फेरी मारायची, मधे थांबायचं नाही. कुणापाशी अडकली तर बाटली द्या असं म्हणत नाहीत, त्याला विचारतात की तुम्ही नॉरिचच्या बिशपना ओळखता का. गोष्ट अशी सांगतात की तिथले एक बिशप खूप म्हातारपणी जेवणानंतर टेबलावरच पेंगायचे आणि बाटल्या त्यांच्यापाशी साठून राहायच्या. मला पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा मी काकवीच्या कथेत होते, बाटली माझ्या कोपरापाशी, शेजारच्या बाईंनी हसून सगळं समजावलं आणि तेव्हापासून नवीन माणसाला ते समजावायचं काम माझ्याकडे आहे. तुम्हाला विचारलं तर मनाला लावून घेऊ नका, तो आपलेपणाचाच प्रश्न आहे. नावांचं पण तसंच, कॉकबर्न लिहिलेलं असतं ते कोबर्न म्हणायचं, चुकलं तर कुणी काही म्हणत नाही.

परफ्यूम, अत्तर लावून जाऊ नका, दुसऱ्यांना वाईनचा वास घेता येत नाही. थोडं खाऊन जा आणि पाणी मधे मधे पीत राहा, पोर्ट गोड असल्यामुळे चढतेय ते लक्षात येत नाही. गाडी नेऊ नका. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते वापरलं तर कुणाला वाईट वाटत नाही, आमच्यातले दोन जण तर कायम तेच करतात. खायला ते स्टिल्टन चीज आणि अक्रोड ठेवतील, व्हिंटेजबरोबर ते निळं खारट चीज खरंच छान लागतं, पहिल्या घासाला नाही आवडलं तर दुसरा घोट घेऊन परत खाऊन बघा. तुम्ही काहीतरी घरचं न्या. चिक्की, खजूर, नाहीतर गोव्याची बेबिंका मिळाली तर टॉनीबरोबर फारच सुरेख. मी दिवाळीत करंज्या नेल्या होत्या, खोबरं आणि जायफळाच्या सारणाच्या, त्या पहिल्या फेरीतच संपल्या.

आणि जमलं तर जुनी बाटली उघडताना जवळ उभे राहा. वीस-तीस वर्षांचं बूच पुष्कळदा भुसभुशीत झालेलं असतं, स्क्रूनं ओढलं तर तुटतं, मग काही जण लोखंडी चिमटा काढतात. तो शेगडीवर लाल होईपर्यंत तापवायचा, बाटलीच्या मानेला बुचाच्या खाली मिनिटभर धरायचा, आणि मग तिथेच गार पाण्यात भिजवलेला फडका लावायचा. टक्क असा बारीक आवाज येतो आणि काचेची मान सुरीनं कापल्यासारखी बुचासकट निघून येते. मग मागे टॉर्च धरून मलमलच्या फडक्यातून अगदी हळू ओततात, गाळ मानेपाशी आला की थांबतात. माझ्या पहिल्या वर्षी असं १९८५ चं व्हिंटेज उघडलं होतं, सगळी खोली चिडीचूप.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय की पोर्तोहून आणलेली एक एलबीव्ही कपाटात तशीच पडून आहे, लेबलवर अनफिल्टर्ड, म्हणजे न गाळलेली, असं काहीतरी आहे, तीच नेली तर चालेल का. तीच न्या, दुसरी विकत घेऊ नका. फक्त तिच्यात गाळ बसलेला असणार, म्हणून शुक्रवारी सकाळीच ती ओट्यावर उभी करून ठेवा, शनिवारी नेताना आडवी करू नका, बसमध्ये मांडीवर उभी धरा. पोचल्यावर सांगा की ही पोर्तोहून स्वतः आणलीय आणि गाळायला कुणीतरी मदत करा. निदान तीन जण तरी उठतील बघा.